किंडरट्रान्सपोर्ट

नाझी छळापासून वाचवण्यासाठी सु. १०,००० मुलांना ब्रिटनमध्ये आणणारी मोहीम (१९३८–३९). जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया व पोलंड येथून आलेल्या या मुलांपैकी बहुसंख्य ज्यू होती.

९–१० नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनी व ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली. त्यानंतर ज्यू व क्वेकर संस्थांच्या आग्रहावरून ब्रिटिश सरकारने सतरा वर्षांखालील मुलांना तात्पुरता प्रवेश देण्याचे मान्य केले. आईवडिलांना मात्र ही सवलत नव्हती. खर्चाचा भार संस्था व देणगीदारांवर होता. पुढे प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी मागण्यात आली.

मुले आगगाडीने हॉलंडपर्यंत व तेथून बोटीने हार्विच बंदरात येत. पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ रोजी उतरली. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, हाती लहान बॅग आणि जवळ दहा मार्क, एवढ्यानिशी त्यांना देश सोडावा लागे. मौल्यवान वस्तू नेण्यास बंदी होती. व्हिएन्नाहून पहिली ६०० मुले डच कार्यकर्त्या खेर्त्राउडा वायस्मुलर-मायर यांनी नाझी अधिकारी आइकमनची भेट घेऊन सोडवली. प्रागहून ६६९ मुलांची सुटका डोरीन वॉरिनर, ट्रेव्हर चॅडविक, निकोलस विंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. युद्ध पेटल्यामुळे १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रागहून सुटणारी गाडी निघालीच नाही.

१९४० मध्ये यांतील सु. १,००० मोठ्या मुलांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. पुढे अनेक जण ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. बऱ्याच मुलांची आईवडिलांशी पुन्हा भेट झाली नाही.