नागपूरची भेट, तुळजापूरची रांग

कोजागरी जवळ आली की सोलापूर-तुळजापूर रस्ता अनवाणी माणसांनी भरून जातो. देवळाच्या महाद्वारापाशी ही गर्दी दाटते तेव्हा मळवट भरलेली कपाळे, कवड्यांच्या माळा आणि डोक्यावरच्या परड्या यांत कोण कुठला हे डोळ्यांनी सांगणे कठीण होते. अशा गर्दीचे चित्रीकरण संगणकाला दिले आणि एका बाईचा माग शेवटपर्यंत ठेवायला सांगितला, तर त्याला दर क्षणी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल: आत्ता दिसते ती मघाचीच का?

हे उत्तर काढणाऱ्या गणितातला एक महत्त्वाचा धागा भारतात कातला गेला, आणि त्याची सुरुवात आजच्या महाराष्ट्रात झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. 1920 साली नागपुरात भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन होते. तिथे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अ‍ॅनांडेल यांची गाठ पडली. अ‍ॅनांडेल यांच्याकडे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापे होती. त्यांतून काही निष्कर्ष निघतो का, हे पाहण्याची विनंती त्यांनी महालनोबिसांना केली. 1922 मध्ये त्यावरचा पहिला निबंध आला आणि पुढची चौदा वर्षे महालनोबिस या प्रश्नाभोवती फिरत राहिले.

अडचण अशी होती. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात. दोन माणसांत उंचीचा फरक मोजला, हातांचा मोजला आणि दोन्हींची बेरीज केली, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. शिवाय उंचीतला दोन सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक, पण नाकाच्या रुंदीतला तेवढाच फरक प्रचंड. म्हणून 1936 च्या निबंधात त्यांनी अंतर मोजायची रीतच बदलली. कोणते माप मुळात किती पसरलेले असते आणि कोणते माप कोणाबरोबर वाढते-घटते, हे आधी पाहायचे. मग समोरचा फरक त्या पसाऱ्याच्या मानाने किती असाधारण आहे, ते ठरवायचे. आज जगभर याला महालनोबिस अंतर म्हणतात. मला ही विसाव्या शतकातल्या भारतीय विज्ञानातली अत्यंत सुंदर कल्पना वाटते.

तिचे जन्मस्थान मात्र निर्मळ नव्हते. डोक्यांची आणि नाकांची मापे घेऊन माणसांचे वंश लावण्याचा तो काळ. आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांवरच प्रबंध केला. कवटीच्या असमान ठेवणीचा वंशाशी संबंध असावा, ही त्यांच्या गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंना मोजमापांत तो संबंध दिसला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. पुढे 1951 मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांसोबत त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माप घेणे आणि मापातून हवे ते वदवून घेणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही शिस्त आजच्या संगणकतज्ज्ञांनी इरावतीबाईंकडून शिकावी.

गर्दीत माग ठेवणाऱ्या या गणिताच्या कुळातले बाकीचे पूर्वज झटपट सांगतो. हॅरल्ड कून यांनी 1955 मध्ये, दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावरून, जोड्या लावण्याची ‘हंगेरियन रीत’ मांडली. बुडापेस्टला जन्मलेल्या रुडॉल्फ काल्मान यांनी 1960 मध्ये हलत्या वस्तूची पुढची जागा वर्तवण्याचे गणित दिले. अपोलो यानांनी ते वापरले. 2005 मध्ये फ्रान्समध्ये नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी चित्रातला उभा माणूस शोधण्याची भरवशाची पद्धत काढली. 2012 नंतर ते काम न्यूरल नेटवर्ककडे गेले.

हे सारे धागे 2017 मध्ये ‘डीप सॉर्ट’ या पद्धतीत एकत्र आले. व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसलेल्या माणसाभोवती संगणक चौकट आखतो. काल्मानच्या गणिताने, ही चौकट पुढच्या फ्रेममध्ये कुठे असावी याचा अंदाज करतो. मग नव्या चौकटी येतात आणि महालनोबिसांचे अंतर कामाला लागते. चौकटीच्या स्थानाचे दोन आकडे, तिची उंची आणि रुंदीचे उंचीशी प्रमाण मिळून चार मापे. अंदाजातली चौकट आणि नवी चौकट यांच्यात त्यांवरून निघालेल्या अंतराचा वर्ग 9.4877 च्या वर गेला, तर ती जोडी बाद. हा आकडा 95 टक्क्यांच्या खात्रीतून येतो. उरलेल्यांत दिसण्याचे साम्य पाहिले जाते, त्यासाठी प्रत्येक माणसाचे 128 आकड्यांत वर्णन केलेले असते. शेवटी हंगेरियन रीत जोड्या ठरवते. माणूस खांबाआड गेला, तर त्याचा क्रमांक 30 फ्रेमपर्यंत राखून ठेवतात. तेवढ्यात तो दिसला नाही, तर क्रमांक खोडून टाकतात.

आता खरी मेख. दिसण्याचे साम्य ओळखायला हे यंत्र 1261 पादचाऱ्यांच्या 11 लाखांहून अधिक चित्रांवर शिकले. ती चित्रे बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या आवारातली. तिथे कोणाचा शर्ट लाल, कोणाच्या पाठीवर निळी पिशवी. माणूस कपड्यांवरून सहज वेगळा पडतो. तुळजापुरात मळवट आणि कवड्यांच्या माळा ल्यालेल्या आराध्यांच्या घोळक्यात, किंवा ज्योत घेऊन एकाच रंगाच्या कपड्यांत धावणाऱ्या गावच्या पोरांत, कपडा हा भेदच उरत नाही. तिथे एकाचा क्रमांक दुसऱ्याला चिकटण्याची शक्यता फार. कोणता फरक मोठा मानायचा हे पसाऱ्यावरून ठरते, आणि पसारा शिकताना इथली माणसे त्यात नव्हती. इथे कॅमेरे लावणाऱ्याने चाचणी इथल्याच गर्दीत घ्यावी, हा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

दुसरा आग्रह नावाबद्दल. डीप सॉर्ट माणसाला केवळ क्रमांक देते. कोण, कुठला, कोणत्या जातीचा हे तिला ठाऊक नसते आणि लागतही नाही. रांग कुठे तुंबली, दाराशी रेटा वाढतो आहे का, हे कळायला क्रमांक पुरतो. तो चेहऱ्यावरून नावाशी जोडला की काम पार बदलते. माणसे शोधणाऱ्या प्रसिद्ध ‘योलो’ प्रणालीचे कर्ते जोसेफ रेडमन यांनी लष्करी वापर आणि खासगीपणाच्या काळजीने 2020 मध्ये हे संशोधनच थांबवले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला. देवळात यंत्रणा बसवण्याचा करार होईल तेव्हा त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: चेहऱ्यांची नोंद ठेवणार की नाही, चित्रीकरण किती दिवसांनी पुसणार आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाला.