दाभोळ: न वापरलेल्या विजेचं बिल

आजचा विषय एन्रॉन. आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेच नव्हते, पण घरी मोठ्यांना विचारा, नाव लगेच ओळखतील.

1991 मध्ये देशाची तिजोरी रिकामी होती आणि विजेचा तुटवडा होता. केंद्राने वीजनिर्मिती खासगी, परदेशी कंपन्यांना खुली केली. 1992 मध्ये एन्रॉन महाराष्ट्रात आली. प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण जागा खाडीच्या दुसऱ्या काठाला, गुहागर तालुक्यात.

टेंडर निघालंच नाही, थेट वाटाघाटी झाल्या. ही वीज परवडणार नाही, असं सांगून जागतिक बँकेने कर्ज नाकारलं. तरीही डिसेंबर 1993 मध्ये करार झाला.

खरी मेख करारात होती. राज्य वीज मंडळाने वीज घेतली नाही, तरी स्थिर आकार द्यायचाच. इंधन महागलं, रुपया घसरला, तर भुर्दंड मंडळाला. आमच्या भाषेत सांगतो: क्लाउडवर सर्व्हर घेतला, वापर शून्य, तरी भाडं पूर्ण, तेही डॉलरशी बांधलेलं आणि वीस वर्षं!

1995 मध्ये युती सरकारने करार रद्द केला. नंतर फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प आणखी मोठा झाला. 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. मंडळाची स्वतःची कोळशावरची वीज त्याहून कितीतरी स्वस्त होती. बिलं थकली, मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

आणि पर्यावरण? प्रकल्पाच्या गरम पाण्याने मासळी जाईल, या भीतीने वेलदूरचे मच्छीमार रस्त्यावर उतरले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. कोळशापेक्षा स्वच्छ असलेल्या गॅसवर पुढे प्रकल्प चालणार होता. पण तो काही वर्षं नुसता उभा राहिला आणि राज्याचा भार कोळशावरच राहिला. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या कंपनीने तो ताब्यात घेतला.

मला वाटतं, चूक खासगीकरणापेक्षा क्रमात होती. दर तपासणारा राज्य वीज नियामक आयोग आला 1999 मध्ये, करारानंतर तब्बल सहा वर्षांनी. स्पर्धेला वाट देणारा वीज कायदा 2003 चा. म्हणजे वरातीमागून घोडं! टेस्टिंगआधीच कोड लाइव्ह केला आणि बग निस्तरले ग्राहकांनी.

आज सौर विजेचे दर लिलावात ठरतात, ही त्याच धड्याची कमाई. पण करार आजही वीस-पंचवीस वर्षांचे असतात. म्हणून पुढच्या वेळी नव्या प्रकल्पाची बातमी आली, की मेगावॅटच्या आकड्यावर थांबू नका. वीज घेतली नाही तर पैसे कोण भरणार, तेवढं विचारा. भेटू पुढच्या भागात!