बोटभर पट्टा

मराठी माणूस जिथे गेला तिथे दिवाळीचा मातीचा किल्लाही गेला. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले, मराठी घरे तिथे वसली आणि हा किल्ला गुजरातच्या अंगणात उभा राहू लागला.

त्याच बडोद्यात खऱ्या शस्त्राचे पुढे काय झाले पाहा. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करविल्या, मल्हाररावांनी सोन्याच्या. त्या मिरवणुकीसाठी होत्या, लढाईसाठी नव्हेत. राजाचे शस्त्र शोभेचे झाले. शस्त्राची समज मात्र पोरांच्या किल्ल्यावर टिकली.

डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली की मावळ्याची तलवार होते. पण पट्टा करायचा तर नुसती मूठ भागत नाही. मनगटाच्या वरपर्यंत हात झाकणारा खोबळा पत्र्यातून वळवावा लागतो. ढालीवर चार फुले हवीत, कारण आतल्या मुठीच्या कड्या तिथेच पक्क्या होतात. खराट्याच्या काडीचा भाला मावळ्याहून उंच हवा. हे करता करता आजोबा नावे सांगतात : मूठ, परज, खोबळा.

बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरातेत गेले. राज्यकारभाराची भाषा बदलली. ही नावे घराने राखायची राहिली. साच्यातल्या तयार मावळ्याची तलवार हाताला चिकटूनच येते, तिचे नाव कोणी विचारत नाही. वस्तू हातातून गेली की शब्दही जातो, हे आपण सीमेवरच्या माणसांनी तरी ओळखावे. यंदा किल्ल्यावर निदान एक पट्टा घरचा असू द्या.