टेक्सासची वीज: चार मिनिटे तेवीस सेकंद

रविवार, १४ फेब्रुवारी २०२१, संध्याकाळी ७
टेक्सासभर कडाक्याची थंडी. घराघरांत विजेचे हीटर चालू आहेत आणि मागणी ६९ हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. हिवाळ्यात एवढी मागणी याआधी कधीच नव्हती. ग्रिड सांभाळणाऱ्या ‘एरकॉट’च्या बाजारात कंपनीला मुख्यतः विकलेल्या विजेचे पैसे मिळतात, वीजकेंद्र वर्षभर सज्ज ठेवण्याचा वेगळा मोबदला नाही. टंचाईत दर मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरपर्यंत चढेल आणि त्या आशेने कंपन्या स्वतःहून तयारीत राहतील, असा या व्यवस्थेचा हिशेब.

सोमवार, १५ फेब्रुवारी, रात्री १२.१५
आणीबाणीचा पहिला टप्पा जाहीर. गोठलेले संच एकामागून एक बंद पडताहेत. पवनचक्क्याही थांबल्या, पण सर्वांत मोठी घट नैसर्गिक वायूवरच्या केंद्रांची आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये नेमके हेच झाले होते. तेव्हाच्या चौकशी अहवालाने पाइप, झडपा, मोजमापाची उपकरणे थंडीपासून जपा, असे स्पष्ट सांगितले होते. राज्याने ते बंधनकारक केले नाही. ज्या कंपनीने हा खर्च करायचा, तिची वीज बाजारात महाग पडणार आणि न करणारा प्रतिस्पर्धी स्वस्तात विकणार. अशी थंडी दहा वर्षांतून एकदा येते, ताळेबंद दरवर्षी मांडावा लागतो. स्पर्धेत एकट्याने शहाणे होणे परवडत नाही. म्हणून नियम लागतो, आणि तो सर्वांना सारखा लागतो.

१.०७
दुसरा टप्पा. शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज घेता येत नाही, कारण जोडणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. केंद्र सरकारच्या नियामकाचा हात पोहोचू नये म्हणून टेक्सासने आपले ग्रिड वेगळे राखले आहे.

१.२०
तिसरा टप्पा. भारनियमनाचे आदेश सुटतात.

१.५१
ग्रिडची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असायला हवी. ती ५९.४ च्या खाली उतरते. तिथे नऊ मिनिटे राहिली, तर उरलेली केंद्रेही स्वतःच्या बचावासाठी आपोआप बाहेर पडतील आणि संपूर्ण ग्रिड कोसळेल. ते पुन्हा उभे करायला आठवडे लागले असते, कदाचित महिने. नियंत्रण कक्षातून आणखी भार तोडण्याचे आदेश जातात. आकडा ५९.३०२ पर्यंत घसरतो, मग सावकाश चढू लागतो. ५९.४ च्या खाली चार मिनिटे तेवीस सेकंद.

पहाटे ५.३७
साउथ टेक्सास अणुवीज केंद्राची एक अणुभट्टी बंद. पाण्याचा दाब मोजणारी बारीक नळी गोठली आणि तेराशे मेगावॅटच्या आसपास वीज गेली. तिकडे भारनियमनात वायूच्या विहिरी आणि कॉम्प्रेसरचीही वीज तोडली गेली आहे. आपला पुरवठा अत्यावश्यक आहे असा अर्ज अनेकांनी भरलेलाच नव्हता. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही.

संध्याकाळ
राज्याचा नियामक आयोग तातडीने बसतो. इतकी टंचाई असूनही घाऊक दर काही वेळा १,२०० डॉलरपर्यंत उतरलेला दिसतो. आयोग आदेश देतो: दर ९,००० वर ठेवा. दहा वर्षे पाइप गुंडाळायला न सांगणारी यंत्रणा आता दर ठरवते. गोठलेला संच कोणत्याही दराने सुरू होणार नव्हता.

मंगळवार, १६ फेब्रुवारी
डलासमध्ये उणे १९ अंश सेल्सिअस. ४५ लाखांवर घरे आणि दुकाने अंधारात. लोक बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतात, घरात कोळशाची शेगडी पेटवतात आणि विषारी वायूने गुदमरतात. राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासोमध्ये मात्र बहुतेक दिवे चालू आहेत. ते शहर एरकॉटमध्ये नाही, आणि तिथल्या कंपनीने २०११ नंतर थंडीच्या तयारीवर पैसा घातला होता.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी, सकाळी ९
दर खाली येतो. सक्तीचे भारनियमन बुधवारी मध्यरात्रीच्या सुमारासच थांबले होते, पण ९,००० चा दर तसाच राहिला होता. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेच्या मते त्या जास्तीच्या तासांचा बोजा १६ अब्ज डॉलर.

सोमवार, १ मार्च
ब्राझोस ही राज्यातली वीजनिर्मिती आणि पारेषण करणारी सर्वांत जुनी सहकारी संस्था दिवाळखोरीचा अर्ज करते. तिच्या नावावर एरकॉटचे जवळपास दोन अब्ज डॉलरचे बिल आहे. मृतांची राज्याची अधिकृत संख्या पुढे २४६ वर गेली. जूनमध्ये कायदा झाला आणि वीजकेंद्रांना थंडीची तयारी बंधनकारक झाली. थकलेली बिले भागवण्यासाठी रोखे काढायची परवानगीही मिळाली. त्यांची परतफेड तीस वर्षांपर्यंत लांबवता येते, आणि ती वीजग्राहकांकडून वसूल होते.