सणाची साखर : हलवा, गाठी आणि बालपणीच्या आठवणींचा इतिहास

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रांत आणि ललित गद्यात बालपणीच्या सणांची वर्णने विपुल आहेत. त्यांत संक्रांतीचा काटेरी हलवा व पाडव्याची साखरेची गाठी यांना मानाचे स्थान दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र अशा आठवणी जशाच्या तशा स्वीकारणे धोक्याचे आहे. चव स्मरणात राहते. ती कोणी, किती श्रमाने आणि कोणत्या भावाच्या साखरेतून निर्माण केली, हे बहुधा विस्मरणात जाते. प्रस्तुत लेखात या विस्मृत बाजूचा विचार केला आहे.

हलव्याचा काटा

भारतात ऊस व साखर यांचा इतिहास प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसापासूनचे पदार्थ एकत्र नोंदविलेले आढळतात. यातील 'खण्ड' हा शब्द फारसी-अरबीमार्गे युरोपात पोहोचला व इंग्रजीत 'कँडी' झाला. म्हणजे परदेशी म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू नावापुरती तरी येथलीच होय.

हलवा म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा, चुरमुरे, शेंगदाणे किंवा लवंग यांवर चढविलेला साखरेचा थर. प्रथम पाकात थोडे दूध घालून मळी काढली जाते. नंतर मंद निखाऱ्यावरील परातीत दाणे ठेवून त्यांवर चमच्याने पाकाचे थोडे थोडे थेंब सोडायचे व बोटांनी दाणे सतत फिरवायचे. आच वाढली की साखर वितळते, पाक जास्त झाला की दाणे एकमेकांस चिकटतात, आणि हवा दमट असेल तर काटा येत नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत हे काम चांगले साधते. संक्रांतीशी हलव्याचे नाते जुळण्यामागे हेही एक कारण असावे. चांगला काटा येण्यास काही दिवस लागतात. बोटे भाजतात, पाठ धरते. ज्यांच्या स्मरणात 'आजीच्या हातचा हलवा' आहे, त्यांच्या लिखाणात या भाजलेल्या बोटांचा उल्लेख क्वचितच येतो.

या हलव्याचेच दागिने होतात. नववधूला पहिल्या संक्रांतीस काळ्या साडीवर तन्मणी, बाजूबंद, बिंदी, नथ, आणि जावयाला हार व हलव्याने मढविलेला नारळ. लहान मुलाचे बोरन्हाण करताना त्यास मुकुट, बासरी घालून बाळकृष्ण बनविण्याची रीत आजही आहे. मात्र हळदीकुंकू हा सुवासिनींचा सोहळा होता. परंपरेने विधवेस तेथे स्थान नव्हते. घरात हलवा करणाऱ्या आणि हलव्याने मिरविणाऱ्या स्त्रिया नेहमी एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

गाठी आणि रेशनची साखर

गाठीचे तंत्र त्या मानाने सोपे. लाकडी साच्यांत दोरा ठेवून त्यावर कडक पाक ओतला की पदकांची माळ तयार होते. विदर्भात होळीला मुलांच्या गळ्यात गाठी घालतात. इतरत्र ती पाडव्याला गुढीवर चढते आणि सायंकाळी मुलांच्या हाती येते. दिवसभर गुढीकडे लागलेली नजर हा अनेक आठवणींचा समान धागा आहे.

ही आतुरता केवळ बालसुलभ नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून साखर नियंत्रणाखाली आली. 1967 पासून अंशतः नियंत्रणाचे धोरण राहिले व लेव्ही साखरेची पद्धत 2013 पर्यंत चालली. महिन्याची साखर रेशनकार्डावर मोजून मिळत असलेल्या घरात निव्वळ साखरेची माळ गळ्यात पडणे ही चैनच होती. आजच्या मुलास गाठी नकोशी वाटते याचे कारण रुचिबदलात शोधले जाते. साखर मुबलक झाली, हे कारण अधिक सरळ आहे. बाजारातील गोळीही दूर नव्हती. 1929 मध्ये पार्ल्यात आणि 1942 मध्ये मालेगाव तालुक्यातील रावळगावी गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले. रावळगावची गोळी सणाची वाट पाहत नसे, आणि हलव्याचे खरे स्पर्धक तेच होते.

फडावरील बालपण

1950 साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढील दशकांत अशा कारखान्यांनी महाराष्ट्राचे ग्रामीण अर्थकारण बदलले. त्याबरोबरच बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून हजारो कुटुंबांचे हंगामी स्थलांतर वाढले. पतिपत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ती फडाकडे निघते. या कुटुंबातील मुलांची संक्रांत उसाच्या पाचटात, कोपीत जाते. त्यांच्या शिक्षणासाठी कारखान्यांच्या परिसरात 'साखरशाळा' चालविल्या गेल्या, परंतु शाळा सुटण्याचे प्रमाण चिंताजनकच राहिले.

साखरेच्या गोडव्याच्या ज्या आठवणी छापल्या गेल्या, त्या बहुतांशी मध्यमवर्गीय, शहरी व लिहित्या घरांतील आहेत. फडावर वाढलेल्या मुलांच्या सणाची नोंद मौखिक इतिहासाच्या साधनांनीच करावी लागेल, आणि ती पिढी वृद्ध होण्यापूर्वी करावी लागेल. हंगाम आटोपून बैलगाड्या गावाकडे वळतात तो काळ साधारणतः पाडव्याच्या आगेमागेच येतो. त्या वाटेवरील आठवडी बाजारांत गाठी टांगलेल्या असतात.