मराठी अक्षर कोणाच्या मालकीचे?

जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली. आज तिच्यातला कोणताही शब्द शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्षणात शोधता येतो. याउलट १९९७-९८ च्या सुमारास पुण्यात किंवा मुंबईत संगणकावर जुळवलेल्या एखाद्या कादंबरीची मूळ फाइल आज हाती आली, तर ती बहुधा उघडत नाही. उघडलीच तर पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे आणि विचित्र चिन्हे यांचा काला दिसतो. दीडशे वर्षांहून जुना मजकूर जिवंत आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा मुका, हे उलटे चित्र आपल्या प्रकाशनाच्या इतिहासातून आले आहे. मराठी प्रकाशन ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डिजिटल झाले असे आपण सरसकट म्हणतो. माझ्या मते तेव्हा बदलला तो फक्त छापखाना. मजकूर डिजिटल व्हायला पुढे आणखी वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांची किंमत आपण अजून नीट मोजलेली नाही.

देवनागरीत मराठी पुस्तके छापण्याचा आरंभ महाराष्ट्राबाहेर, हुगळीकाठच्या श्रीरामपूरला झाला. तिथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले आणि १८१० च्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांवर खूप काम झाले. तिथे हात तयार झालेल्या जावजी दादाजींनी टाइप फौंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरी अक्षराची सुबकता साऱ्या देशात नावाजली गेली. या सगळ्या काळात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढची अडचण मात्र एकच होती. इंग्रजीला शंभरएक खिळे पुरत, तर देवनागरीला जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या, रफार मिळून शेकड्यांनी खिळे लागत. काना-मात्रेचे वेगळे तुकडे करणारी डिग्री पद्धत आणि मात्रांसह एकसंध अक्षर ओतणारी अखंड पद्धत या दोन्ही याच अडचणीतून निघाल्या. टिळकांनी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी केलेला खटाटोप आणि सावरकरांनी मांडलेली अ ची बाराखडी यांच्या मुळाशीही यंत्राचाच विचार होता. खिळा फौंड्रीच्या मालकीचा असे, पण छापलेले पान कोणाच्याही मालकीचे नसे. निर्णयसागरचे पुस्तक वाचायला वाचकाला निर्णयसागरचा खिळा विकत घ्यावा लागत नव्हता.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आली तेव्हा ही स्थिती पालटली. शिसे, केस, स्टिक, गॅली ही सामग्री काही वर्षांत भंगारात गेली आणि जुळाऱ्यांची एक पिढी बेकार झाली. त्यांच्या जागी पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर चालवणारे ऑपरेटर आले. मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत सारे एका टेबलावर होऊ लागले, प्रुफे झटपट दुरुस्त होऊ लागली आणि दिवाळी अंकांचे रूप बदलून गेले. पण या नव्या यंत्राच्या आत काय होते ते पाहण्यासारखे आहे. तेव्हाच्या फाँटात २५६ जागा असत आणि त्यातल्याही काही आधीच अडवलेल्या. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या त्या जागांवर अर्धा क, काना, रफार, वेलांटी असे देवनागरीचे तुकडे बसवले गेले. म्हणजे जुळाऱ्याची खिळे ठेवायची केसच संगणकात आली. ‘कि’ लिहायचे तर फाइलमध्ये आधी वेलांटी आणि मग क, अगदी खिळे लावावेत तसे. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. ती रोमन चिन्हांची ओळ होती आणि तिला मराठीचा वेश फक्त त्या विशिष्ट फाँटमुळे मिळत होता. त्यातही प्रत्येक उत्पादकाने तुकड्यांची मांडणी आपापल्या सोयीने केली. सीडॅकच्या ‘योगेश’ किंवा ‘सुरेख’ फाँटातला मजकूर ‘श्रीलिपी’च्या फाँटात टाकला की त्याचा चिवडा होई. काही सॉफ्टवेअर तर संगणकाला लावायच्या कुलपाशिवाय चालतही नसे. छापखान्याच्या इतिहासात प्रथमच अक्षराचा मालक मजकुराचाही मालक झाला, आणि प्रकाशकांना ते कळलेसुद्धा नाही, कारण त्यांचे लक्ष कागदावर उमटणाऱ्या पानाकडे होते.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान अक्षराचा आकार बाजूला ठेवून अक्षराचा संकेत साठवत होते. त्याच विचारातून भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण जाहीर केले. त्यात ‘कि’ म्हणजे आधी क आणि मग वेलांटी, जसे आपण उच्चारतो तसे. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. म्हणजे आज जगभरच्या फोनांत मराठी ज्या रचनेत साठते, तिचा पाया भारतात घातला गेला. पण घरचे प्रमाण घरच्या बाजाराने बाजूला ठेवले. ते पाळण्याची सक्ती कोणावर नव्हती आणि छापील पानाला त्याची गरज भासत नव्हती.

यावर फाँट बनवणाऱ्यांच्या बाजूने एक रास्त आक्षेप येतो. त्या काळच्या यंत्रात दुसरे शक्यच नव्हते. सुट्या संकेतांतून जोडाक्षर घडवण्याची सोय विंडोजमध्ये २०००च्या सुमारास आली. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट तिच्याबरोबरच घरोघरी पोहोचला. पेजमेकरला तर युनिकोड अखेरपर्यंत जमले नाही आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट बसायला २०१२ उजाडले. हे सगळे खरे आहे. त्या फाँटकारांनी मराठी संगणकावर आणली, हे ऋणही मान्य केले पाहिजे. पण नाइलाज हा पान छापण्यापुरता होता. मजकुराची एक प्रत प्रमाण संकेतात जपून ठेवायला कोणाची आडकाठी नव्हती, आणि २०००नंतर तर ते सहज शक्य होते. तरीही पुढची दहा-बारा वर्षे बहुतेक प्रकाशनगृहांत आणि वृत्तपत्रांत जुन्याच फाँटांत काम चालू राहिले. याचे कारण तंत्रात शोधू नये. फाइल ही छपाईपूर्वीची एक पायरी आहे, पुस्तक छापून झाले की तिचे काम संपले, ही खिळ्यांच्या काळातली समजूत टिकून होती. फॉर्म छापून झाला की खिळे मोडून पुन्हा केसमध्ये टाकायचे, ही सवय शिसे गेल्यावरही गेली नाही.

दुसरा आक्षेप असा की पुस्तक कागदावर आहे, मग फाइल गेली तर बिघडले काय? बिघडले ते अनेकांचे. हजाराच्या आवृत्तीतले पुस्तक दहा वर्षांत दुर्मीळ होते आणि पुन्हा छापायचे तर अक्षरजुळणी पहिल्यापासून करावी लागते. किंडलवर मराठी पुस्तके २०१६च्या अखेरीस येऊ लागली, तेव्हा ज्यांच्याकडे युनिकोड मजकूर होता त्यांची पुस्तके लगेच गेली. बाकीच्यांना टंकलेखन आणि मुद्रितशोधन यांचा खर्च नव्याने सोसावा लागला. मला सर्वांत टोचते ते अंध वाचकांचे वंचित राहणे. पडदावाचक सॉफ्टवेअर संकेत वाचते, आकार वाचत नाही. जुन्या फाँटातली उत्तम मराठी कथा त्या वाचकाला निरर्थक रोमन अक्षरांची माळ म्हणून ऐकू येते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक आहेत असे सांगितले जाते, आणि ते आहेतही. पण मूळ फाँट कोणता हे ठाऊक असावे लागते. रफार, अर्धी अक्षरे आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने तपासावेच लागते.

युनिकोडनेही सगळे आपोआप सुरळीत केले नाही. मराठीला लागणारे ॲ हे अक्षर त्यात २००८ मध्ये आले. मराठी वळणाचे ल आणि श यांचे रूप महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिले, तरी फाँटांत हिंदी वळण बराच काळ चालत राहिले. फरक इतकाच की ही भांडणे आता उघड्यावर होतात आणि तोडगा निघाला की तो सगळ्यांचा होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँटकार संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याने दिले आहेत आणि कोणीही ते विनामूल्य वापरू शकतो. छपाईने बाळबोध, म्हणजे देवनागरी, स्वीकारल्यावर मागे पडलेल्या मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. खिळ्यांच्या युगात जी लिपी हस्तलिखितांपुरती उरली, ती आता कोणालाही संगणकावर लिहिता येते.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यायची असते. फाइलबद्दल तो कायदा काही बोलत नाही. कायदा बदलेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ज्या ऑपरेटरांना ते जुने फाँट तोंडपाठ आहेत ते आता निवृत्तीला आले आहेत आणि फाइली साठवलेल्या सीड्या बिघडत चालल्या आहेत. प्रकाशकांनी, दिवाळी अंकांच्या संपादकांनी आणि स्वतः लेखकांनी १९८८ ते २०१२ या काळातल्या आपल्या फाइली आजच शोधून काढाव्यात. त्यांच्याबरोबर फाँटचे नाव लिहून ठेवावे, मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि त्याची एक प्रत जवळच्या मोठ्या ग्रंथसंग्रहालयाकडे सोपवावी.