शाळेचा पैसा आणि स्कूल बोर्डाची खुर्ची

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत गोणपाटावर वेगळे बसत, शिपाई नसला तर दिवसभर तहानलेले राहत, हे आपल्या विहारात दर जयंतीला सांगितले जाते. लहान मुलांनासुद्धा ते पाठ आहे. पण त्या शाळेला पैसा कुठून येत होता, तो कोण वाटत होता आणि वाटताना आपल्या वस्तीच्या वाट्याला काय येत होतं, याची चर्चा फारशी होत नाही. यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही तोच विषय घेतला आहे. हिशेबाचा विषय म्हणून कंटाळा करू नये, ही वाचकांना विनंती.

१८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळा ओस पडेल, असे कारण दिले. दोन वर्षांनी, १८५८ साली, विलायतेहून कंपनीच्या संचालकांचा हुकूम आला की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. झालं! कागदावर प्रश्न मिटला. गावात मात्र पोरं व्हरांड्यातच राहिली.

पैशाचा प्रश्न पहिल्यांदा नेमका धरला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. त्या काळी शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेत आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. पट्टी भरायची कुणब्याने आणि कॉलेजात शिकायचे वरच्या जातींनी, हा जोतीरावांचा रोख होता. पट्टीचा निम्मा हिस्सा फक्त प्राथमिक शाळांसाठी राखून ठेवा, नगरपालिकांना आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळा चालवणे कायद्याने भाग पाडा, आणि वरच्या सरकारानेही पुरेशी मदत द्या, असे त्यांनी मागितले. शिवाय हा पैसा लोकल फंड कमिट्यांच्या हाती देऊ नका, असे बजावले. त्या कमिट्यांवर पाटील, इनामदार, सरदार बसतात, त्यांना शाळेच्या पैशावर देखरेख जमणार नाही, असे त्यांचे म्हणणे. हे बोलणारा माणूस स्वतः पुणे नगरपालिकेचा सभासद राहिलेला होता. कारभार त्यांनी आतून पाहिला होता.

त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या ताब्यात गेल्या. त्यांच्या स्कूल बोर्डांनी कारभार बघायचा. सक्तीच्या शिक्षणाची योजना मंजूर झाली तर वाढीव खर्चाचा दोन तृतीयांश भाग लोकल बोर्डांना आणि निम्मा भाग नगरपालिकांना सरकारने द्यायचा. ऐकायला चांगलंच वाटतं. पण नवी शाळा कोणत्या गावाला, मास्तर कोण नेमायचा, दुरुस्तीला पैसे कुणाला, हे सगळे बोर्डाच्या बैठकीत ठरायचे. आणि बोर्ड निवडून देणारा मतदार कोण? जमीनजुमला असणारा, कर भरणारा. वतनाच्या तुकड्यावर नि बलुत्यावर जगणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना तिथे कोण विचारतो!

त्याच १९२३ साली ४ ऑगस्टला रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर करून घेतला. अनेक संस्थांनी तो बासनात बांधून ठेवला. म्हणून १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा बोर्ड अंमल करणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवा. दुखरी नस पैशाचीच आहे हे त्यांना पटलेले होते.

१२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहाला आठवडाभर उरला असताना, बाबासाहेब कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी दाखवले. जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही मागणी. मग त्यांनी प्राथमिक शाळांतली हजारी मुलांची संख्या मांडली : पुढारलेल्या हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८, आणि ज्यात आपण मोडत होतो त्या मागासवर्गाची १८. लोकसंख्येत दुसरा असलेला वर्ग शिक्षणात शेवटचा! सगळ्यांना सारखे वाटून हा फरक भरून येणार नाही, जो मागे आहे त्याला जास्त दिले पाहिजे, हे त्यांचे सांगणे होते.

१९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात तर स्पष्टच आहे की शाळा स्कूल बोर्डांकडे सोपवणे थांबवले नाही तर अस्पृश्यांचे शिक्षण फार मागे जाईल. यावर कोणी म्हणतात, मताधिकारासाठी झगडणारे बाबासाहेब स्थानिक लोकशाहीच्या विरोधात कसे? आम्हांला यात विसंगती दिसत नाही. ज्या बोर्डावर आपला माणूस नाही, ज्याला निवडण्याचा आपल्याला अधिकार नाही, त्याच्या हाती आपल्या लेकरांची शाळा द्यायला ते तयार नव्हते, एवढेच.

कोल्हापूर संस्थानात हाच पेच वेगळ्या रीतीने सुटला. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि मुलांना सर्वांच्या शाळेत घातले. पण चांगला राजा मिळणे हा नशिबाचा भाग. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात म्हणूनच एक कलम आले : प्रत्येक प्रांताने शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्यांसाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी. पुरेशी म्हणजे किती, हे करारात लिहिलेले नाही. आकडा घातला असता तर बरे झाले असते, असे आम्हांला वाटते.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डांचा जमाना संपला. प्रौढ मतदानाने आपली माणसं परिषदेत बसू लागली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शाळेला आलेले अनुदान कसे खर्च झाले यावर लक्ष ठेवणे हे समितीचे कामच आहे. जोतीरावांनी ज्या देखरेखीची काळजी केली ती आता कायद्याने पालकांच्या हाती आली आहे. आपल्या किती आयाबहिणी या समितीच्या बैठकीला जातात, आणि जातात त्यांच्यापैकी किती जणी खर्चाची वही मागून वाचतात, हे एकदा विहारातच मोजून पाहू या.